इंग्रजी वाक्यांतील ‘ती’

मराठी घरांतून इंग्रजीच्या वर्गांत येऊन बसलेलें मूल एके दिवशीं उभें राहतें आणि ‘शी गो टु स्कूल’ असें वाक्य मोठ्या हुशारीनें म्हणतें. मास्तर त्याला थांबवितात व ‘गो नव्हे, गोज म्हण’ असें सांगतात. मूल चूक सुधारतें. परंतु दुसऱ्या दिवशीं तीच चूक पुन्हां त्याच्या तोंडून निघते, वहींत लाल शाईची तीच खूण पुन्हां उमटते. पुढें तें मूल मोठें होतें, पदवीधर होतें, कचेरींत इंग्रजी पत्रें लिहूं लागतें, आणि तरीहि घाईच्या प्रसंगीं त्याच्या वाक्यांतील ‘ती’ अडखळतेच. इतक्या चिवट चुकीचा दोष केवळ निष्काळजीपणावर ढकलून चालणार नाहीं. तिचें मूळ शोधावयाचें तर मराठी वाक्याकडेच प्रथम पाहावें लागेल.

मराठी बोलणाऱ्याला स्त्रीपुरुषभेद क्रियापदांत ऐकण्याची जन्मापासून संवय असते. ‘तो जातो, ती जाते, तें जातें’ या तीन वाक्यांतून कर्ता काढून टाकला तरी कोण जात आहे तें नुसत्या क्रियापदावरून समजतें. शेजारच्या खोलींतून ‘आली, आली’ एवढाच शब्द ऐकूं आला तरी बाई आली कीं बुवा आला, हें विचारावें लागत नाहीं. इंग्रजी क्रियापद या बाबतींत अगदीं अबोल आहे. ‘ही वेंट, शी वेंट, इट वेंट’ या तिन्ही ठिकाणीं ‘वेंट’ एकच. बाईची सगळी ओळख ‘शी’ या एका शब्दांत सांठविलेली असते. तो शब्द गळला कीं बाई वाक्यांतून नाहींशी होते. मराठी मुलाचें मन ‘शी’ म्हटल्यावर क्रियापदाच्या शेवटीं स्त्रीलिंगाची खूण शोधूं लागतें. ती त्याला सांपडत नाहीं, आणि जो एक ‘स’ सांपडतो त्याचा लिंगाशीं कांहीं संबंध नसतो. बोलणारा आणि ऐकणारा यांच्याहून निराळें असें तिसरें कोणी, आणि तेंहि एकटें, एवढीच बातमी तो ‘स’ देतो. ज्या गोष्टीची मराठी मनाला उत्सुकता आहे ती तो सांगत नाहीं, आणि जी सांगतो ती ‘शी’ या शब्दानें आधींच सांगून झालेली असते. असा निरुपयोगी पाहुणा स्मरणांत राहूं नये यांत नवल काय?

या ‘स’चा इतिहासहि गमतीचा आहे. इंग्लंडच्या दक्षिण भागांत पूर्वीं त्याच्या जागीं ‘एथ’ असा प्रत्यय होता. 1611 सालीं प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत ‘शी गोएथ’ याच धर्तीचीं रूपें आहेत. ‘स’ हा उत्तरेकडील बोलींतून हळूहळू खालीं उतरला. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही रूपें शेजारींशेजारीं नांदतात, आणि पुढें सतराव्या शतकांत ‘स’नें जुन्या प्रत्ययाला प्रमाण भाषेंतून घालवून दिलें. उलटपक्षीं इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक व सफोक या प्रांतांतील जुन्या बोलींत हा ‘स’ मुळींच नाहीं. तेथील शेतकरी ‘शी गो’ असेंच म्हणत आला. तेव्हां मराठी मुलाची चूक तर्कशास्त्राविरुद्ध नव्हे. ती प्रमाण भाषेच्या शिष्टाचाराविरुद्ध आहे. मात्र ज्याला त्या भाषेच्या दरबारांत बसावयाचें आहे त्याला शिष्टाचार पाळावाच लागतो.

तो पाळण्याची युक्ति एवढीच कीं, एका क्रियेला एकच ‘स’ पुरतो हें ध्यानांत ठेवावें. ‘शी टीचेस’ या वाक्याचा नकार करतांना ‘डझ’ हा मदतनीस येतो आणि तो ‘स’ आपल्या अंगावर घेतो. मग मूळ क्रियापद मोकळें होतें व ‘शी डझ नॉट टीच’ असें वाक्य बनतें. प्रश्न विचारतांनाहि तीच व्यवस्था: ‘डझ शी टीच?’ ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘विल’ यांच्या सोबतीला तर ‘स’ कधींच नसतो. ‘शी कॅन स्विम’ हें शुद्ध; ‘शी कॅन स्विम्स’ हें अशुद्ध.

दुसरी अडचण काळाची. रोजचा व्यवसाय सांगावयाचा असेल तेव्हां ‘शी टीचेस’, आणि या क्षणीं चाललेलें काम सांगावयाचें असेल तेव्हां ‘शी इज टीचिंग’. मराठींतहि ‘शिकविते’ आणि ‘शिकवीत आहे’ असा भेद आहे, म्हणून येथपर्यंत वाट सोपी असते. परंतु जाणणें, असणें, आवडणें अशा क्रिया इंग्रजींत चालू अवस्थेंत सहसा ठेवीत नाहींत. आपल्याकडे मात्र ‘शी इज नोइंग इंग्लिश’, ‘शी इज हॅविंग टू काउज’ अशीं वाक्यें सर्रास ऐकूं येतात. गाय दारांत बांधलेली असते. ती बांधण्याची क्रिया दिवसभर चाललेली नसते. म्हणून ‘शी हॅज टू काउज’ एवढेंच पुरे.

या दोन अडचणींहून खोल अशी एक तिसरी गोष्ट आहे, आणि तिच्याकडे शाळेंत फारसें लक्ष दिलें जात नाहीं. मराठी वाक्यांत बाई नेहमींच कर्त्याच्या आसनावर बसलेली नसते. ‘तिला समजलें’, ‘तिला आठवतें’, ‘तिला आवडतें’, ‘तिला भूक लागली’, ‘तिला मूल झालें’ या वाक्यांत घडणारी गोष्ट तिच्याकडे चालत येते आणि ती उंबऱ्यावर उभी राहून तिचा स्वीकार करते. भूतकाळांत तर निराळीच तऱ्हा. ‘तिनें पत्र लिहिलें’, ‘तिनें चिठ्ठी लिहिली’, ‘तिनें लेख लिहिला’ येथें लिहिणारी एकच, पण क्रियापद तिच्याकडे न पाहतां पत्राकडे, चिठ्ठीकडे आणि लेखाकडे पाहतें. इंग्रजी वाक्य या सर्व प्रसंगीं बाईला उचलून पहिल्या जागेवर बसवितें: ‘शी अंडरस्टूड’, ‘शी रिमेंबर्स’, ‘शी लाइक्स’, ‘शी इज हंग्री’, ‘शी हॅड अ बेबी’, ‘शी रोट अ लेटर’. मराठींतील ‘तिला’, ‘तिनें’, ‘तिचें’ हीं सारीं रूपें इंग्रजींत जातांना बहुधा एकट्या ‘शी’मध्यें विलीन होतात. भाषांतर करणाऱ्यानें शब्दाला शब्द लावण्यापूर्वीं बाईची जागा बदलली पाहिजे. हें ज्याला साधलें त्याच्या इंग्रजीला निम्मा डौल तेथेंच आला.

बाई पहिल्या जागेवर बसली म्हणजे सर्व कांहीं झालें असें मात्र नव्हे. क्रियापदाच्या पुढें काय यावें याचे इंग्रजींत ठरीव सांचे आहेत, आणि परक्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा तेथें होते. या सांच्यांची पद्धतशीर मोजदाद इंग्लंडांत न होतां जपानांत झाली, हें विशेष आहे. हॅरॉल्ड पामर हे इंग्रजी भाषेचे अध्यापक 1922 सालीं टोकियोस गेले व दुसऱ्याच वर्षीं तेथें इंग्रजीच्या शिक्षणाविषयीं संशोधन करणारी संस्था निघाली. ए. एस. हॉर्नबी हे 1924 सालीं जपानांत शिक्षक म्हणून आले आणि पुढें पामर यांच्या कार्यांत सामील झाले. जपानी विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ ठाऊक असूनहि वाक्य जुळवितां येत नाहीं, हें या मंडळींनीं पाहिलें. हॉर्नबी यांनीं दोन सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश 1942 सालीं, ऐन महायुद्धांत, टोकियोंत छापून निघाला. त्यांत क्रियापदांचे 25 सांचे ठरवून प्रत्येक क्रियापद कोणत्या सांच्यांत बसतें तें दिलें होतें. 1948 सालीं ऑक्सफर्डनें तो कोश आपल्या नांवानें काढला, आणि त्याच्या पुढील आवृत्त्या हिंदुस्थानांतील घराघरांत पोंचल्या.

हे सांचे नुसते पाठ केले तर कंटाळवाणे वाटतात. एखाद्या खऱ्या बाईच्या चरित्रांत ते घालून पाहिले म्हणजे प्रत्येक सांच्याचें वजन कळतें. असें एक चरित्र मुंबईच्या रखमाबाईंचें आहे. त्यांचा जन्म 1864 सालचा. वयाच्या अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं त्यांचा विवाह लावून देण्यांत आला. त्या मात्र आपल्या माहेरींच राहिल्या. 1884 सालीं दादाजींनीं, बायकोनें आपल्या घरीं नांदावयास यावें म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. हा दावा चार वर्षें गाजला आणि त्याची चर्चा इंग्लंडपर्यंत पोंचली.

रखमाबाईंनीं काय केलें, हें इंग्रजींत सांगावयाचें आहे असें समजावें. पहिलें वाक्य: ‘शी रिफ्यूज्ड टु गो.’ त्यांनीं जाण्यास नकार दिला. ‘रिफ्यूज’च्या पुढें ‘टु’ घालून दुसरें क्रियापद येतें. ‘रिफ्यूज्ड गोइंग’ म्हणतां येत नाहीं. ‘अव्हॉइड’ या क्रियापदाची रीत उलट आहे: ‘शी अव्हॉइडेड गोइंग’ म्हणजे तिनें जाण्याचें टाळलें, येथें ‘टु गो’ चालत नाहीं. नकार देणें आणि टाळणें या दोन क्रियांत जेवढें अंतर आहे तेवढेंच त्यांच्या सांच्यांतहि आहे. रखमाबाईंनीं टाळाटाळ केली नाहीं; त्यांनीं नकार दिला. कांहीं क्रियापदांना दोन्ही सांचे चालतात, पण अर्थ पालटतो. ‘शी स्टॉप्ड रीडिंग’ म्हणजे तिनें वाचणें थांबविलें, आणि ‘शी स्टॉप्ड टु रीड’ म्हणजे वाचण्याकरितां ती थांबली. एका बाईच्या हातांतून पुस्तक काढून घेणें आणि तिच्या हातीं पुस्तक देणें, असा हा दोन वाक्यांतील भेद आहे.

दावा चालू असतां 1885 सालीं रखमाबाईंनीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या पत्रांत ‘एक हिंदु स्त्री’ या अर्थाच्या इंग्रजी टोपणनांवानें बालविवाहाविषयीं पत्रें लिहिलीं. येथें ‘देण्या’चा सांचा येतो: ‘शी सेंट द एडिटर अ लेटर’ किंवा ‘शी सेंट अ लेटर टु द एडिटर’. दोन्ही शुद्ध. पण ‘एक्सप्लेन’ या क्रियापदाला पहिली तऱ्हा मानवत नाहीं. ‘तिनें संपादकाला आपली बाजू समजावून सांगितली’ याचें ‘शी एक्सप्लेन्ड द एडिटर हर केस’ असें भाषांतर आपल्याकडे हटकून होतें. शुद्ध वाक्य ‘शी एक्सप्लेन्ड हर केस टु द एडिटर’ असें आहे. ‘टेल’ आणि ‘से’ यांचाहि असाच घोटाळा होतो. ‘शी टोल्ड हर लॉयर’ म्हणावें, पण ‘शी सेड टु हर लॉयर’. वाक्यांतील ‘ला’ एकच असला तरी इंग्रजींत कोठें ‘टु’ लागतो आणि कोठें लागत नाहीं, हें त्या त्या क्रियापदाला विचारूनच ठरवावें लागतें.

आतां वाक्यांत बाईची जागा बदलते. 1885 सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं, अजाण वयांत लग्न लागलेल्या स्त्रीला अशा प्रकारें नांदावयास पाठवितां येणार नाहीं, असा निकाल रखमाबाईंच्या बाजूनें दिला. त्यावर अपील झालें, खटला पुन्हां चालला, आणि 1887 च्या मार्च महिन्यांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं रखमाबाईंना नवऱ्याच्या घरीं जाण्याचा हुकूम केला. न गेल्यास सहा महिन्यांचा तुरुंगवास ठरला. ‘द कोर्ट ऑर्डर्ड हर टु गो.’ या सांच्यांत ‘शी’ची ‘हर’ झाली. हुकूम करणारें कोर्ट. जाणारी मात्र तीच. एकाच शब्दांत ती एका क्रियापदाचें कर्म आणि दुसऱ्याची कर्त्री असते. ‘वॉन्ट’ची रचनाहि अशीच. ‘तिनें जावें अशी त्यांची इच्छा होती’ याचें ‘दे वॉन्टेड दॅट शी शुड गो’ असें भाषांतर मराठी कानाला बरोबर वाटतें, पण इंग्रजी चाल ‘दे वॉन्टेड हर टु गो’ अशी आहे.

‘मेक’ आणि ‘लेट’ या दोन लहानशा क्रियापदांची गोष्ट आणखी निराळी. ‘जावयास लावलें’ हें ‘मेड हर गो’, आणि ‘जाऊं दिलें’ हें ‘लेट हर गो’. दोन्ही ठिकाणीं मधला ‘टु’ नाहीं. मात्र वाक्य फिरवून बाईला पहिल्या जागीं आणलें कीं ‘मेक’च्या मागून हरवलेला ‘टु’ परत येतो: ‘शी वॉज मेड टु गो.’ रखमाबाईंच्या बाबतींत हें वाक्य खरें ठरलें नाहीं, कारण नवऱ्याच्या घरापेक्षां तुरुंग पत्करीन असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. ‘शी वुड राद्र गो टु प्रिझन.’ ‘वुड राद्र’च्या पुढेंहि क्रियापद उघडें, ‘टु’शिवाय येतें. अखेर 1888 सालीं तडजोड झाली, दादाजींनीं पैसे घेऊन आपला हक्क सोडला, आणि तुरुंगाचा प्रसंग टळला.

याच चरित्रांतील एक वाक्य असें आहे कीं तेथें सांच्याची निवड ही शुद्धाशुद्धाच्या पलीकडे जाते. ‘रखमाबाईंचें दादाजींशीं लग्न झालें’ हें मराठी वाक्य इंग्रजींत नेणारा विद्यार्थी प्रथम ‘शी मॅरीड विथ हिम’ असें लिहितो. ‘शीं’ या प्रत्ययानें ‘विथ’ला ओढून आणलेलें असतें. गुरुजी ‘विथ’ खोडतात, ‘शी मॅरीड हिम’ असें वाक्य उरतें, आणि व्याकरणाचें समाधान होतें. परंतु सत्याचें होतें काय? ‘शी मॅरीड हिम’ या वाक्यांत बाई कर्त्री आहे. लग्न तिनें केलें असें तें वाक्य म्हणतें. अकरा वर्षांच्या मुलीनें लग्न केलेलें नव्हतें, तें तिचें लावून देण्यांत आलें होतें. संमति देण्याचें तें वय नव्हे, हाच तर तिच्या नकाराचा गाभा होता. तेव्हां येथें ‘शी वॉज मॅरीड टु हिम’ असाच सांचा हवा. वडील मंडळींचा हात दाखवावयाचा असेल तर ‘हर फॅमिली मॅरीड हर टु हिम’. ‘शी मॅरीड हिम’ असें लिहिणारा नकळत दाव्याचा निकाल दादाजींच्या बाजूनें लावून मोकळा होतो. मराठींतील ‘तिनें लग्न केलें’, ‘तिचें लग्न झालें’ आणि ‘तिचें लग्न लावून दिलें’ हीं तीन वाक्यें आपण कधीं एकमेकांच्या जागीं वापरीत नाहीं. इंग्रजींत लिहितांना हा विवेक सुटतां कामा नये.

तडजोडीनंतरच्या चरित्रांत ‘शी’ पुन्हां आपल्या जागेवर येते व तेथेंच राहते. 1889 सालीं रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकल्या, 1894 च्या सुमारास डॉक्टर होऊन परत आल्या, आणि सुरत व पुढें राजकोट येथें त्यांनीं अनेक वर्षें स्त्रियांवर उपचार केले. ‘शी रीच्ड लंडन’, कारण ‘रीच’च्या पुढें ‘टु’ नको. पण ‘शी अराइव्ह्ड इन लंडन’. ‘शी एंटर्ड द स्कूल’, येथें ‘इन’ नको. ‘शी रिटर्न्ड टु इंडिया’. त्यांत ‘बॅक’ची भर घालणें म्हणजे दोनदां परत येणें. ‘शी बिकेम अ डॉक्टर’, येथें ‘अ’ विसरूं नये. ‘शी ट्रीटेड विमेन’. 1955 सालीं, वयाच्या नव्वदीनंतर, ‘शी डाइड’.

या वाक्यांतून एक उणीवहि लक्षांत येते. मराठींत या बाईविषयीं कोणी ‘ती गेली, ती शिकली’ असें म्हणणार नाहीं. ‘त्या गेल्या, त्या शिकल्या’ असेंच म्हणेल. इंग्रजी ‘शी’ला हा आदर ठाऊक नाहीं, मोलकरणीला आणि महाराणीला तो एकच शब्द वापरतो. म्हणून आदर दाखवावयाचा तर ‘डॉक्टर रखमाबाई’ असें पदवीसह नांव घ्यावें लागतें. आणि ‘द डॉक्टर केम’ हें इंग्रजी वाक्य मराठींत आणतांना डॉक्टर आला, आली, आले कीं आल्या, हें ठरविल्यावांचून लेखणी पुढें जात नाहीं. बहुतेक भाषांतरकार विचार न करतां ‘आले’ लिहून टाकतात व मनांत पुरुष धरतात. इंग्रजी क्रियापद ज्या गोष्टीवर मौन पाळतें ती मराठी क्रियापदाला सांगावीच लागते. न पाहतां सांगितली तर एखादी बाई तिच्या स्वतःच्या कामांतून गाळली जाते.

सरावाच्या वाक्यांची निवडहि यासाठींच जपून करावी. जुन्या वाचनमालांतून ‘शी’च्या पुढें स्वयंपाक आणि केरवारा हींच क्रियापदें येत, आणि ‘ही’च्या पुढें कचेरी आणि प्रवास. 2019 सालीं बालभारतीनें इयत्ता दुसरीच्या पुस्तकांत घरकाम करणारे पुरुष आणि डॉक्टर व पोलीस असलेल्या स्त्रिया अशीं चित्रें घातलीं, त्यांतील हेतु हाच. स्वयंपाक हें हलकें काम नव्हे. परंतु मुलानें ‘शी’च्या पुढें पन्नास वेळां एकच क्रियापद घोकलें तर इंग्रजीचा एकच सांचा त्याच्या हातीं लागतो, बाकीचे चोवीस कोशांतच राहतात.

ज्या शिक्षकांना किंवा पालकांना हा धडा प्रत्यक्ष घ्यावयाचा असेल त्यांनीं मुलांना घरांतल्या अगर शेजारच्या एखाद्या बाईचा एक दिवस दहा इंग्रजी वाक्यांत लिहावयास सांगावें; प्रत्येक वाक्यांत क्रियापद निराळें असावें. लिहून झाल्यावर मुलांनीं प्रत्येक वाक्य तीन प्रश्नांच्या कसोटीस लावावें. ‘स’ आपल्या जागीं आहे काय? क्रियापदाच्या पुढें जें आलें आहे तें त्या क्रियापदाला मानवणारें आहे काय? आणि वाक्य ज्या बाईला कर्त्री म्हणतें, तिनें तें खरोखर केलें होतें काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें कोशांत आहेत. तिसऱ्याचें उत्तर मिळविण्यासाठीं मुलानें त्या बाईलाच जाऊन विचारलें पाहिजे.